हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयर म्हणजे नेमकं काय? मायक्रोकंट्रोलरच्या पोटातला दुभाष्या

अर्डुइनोवर एलईडी ब्लिंक करायचा प्रोग्राम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा यूट्यूब बघून घरी केला असेल. पिन १३ आउटपुट करा, हाय करा, सेकंदभर थांबा, लो करा, परत थांबा. पाच ओळींचं काम. तोच प्रोग्राम पिनचा नंबर तेवढा बदलून ईएसपी३२ वर टाका, चालतो. रास्पबेरी पाय पिकोवर टाका, तिथेही चालतो.

आता गंमत अशी की या तीन बोर्डांवरच्या चिप एकमेकींच्या नात्यागोत्यातल्याही नाहीत. अर्डुइनो उनोवर ८ बिटची एटीमेगा३२८पी आहे, १६ मेगाहर्ट्‌झवर चालणारी, २ केबी रॅमची. मूळ ईएसपी३२ मध्ये ३२ बिटचे एक्सटेन्सा कोअर आहेत. पिकोच्या आरपी२०४० मध्ये एआरएमचे दोन कॉर्टेक्स-एम झीरो प्लस कोअर. तिघींची मशीन लँग्वेज वेगळी, पिन हाताळायची पद्धत वेगळी, बनवणारी कंपनीही वेगळी.

मग एकच प्रोग्राम तिन्हीकडे कसा चालतो? अर्धं उत्तर कंपायलर. तुमच्या सी कोडचं त्या त्या चिपच्या मशीन लँग्वेजमध्ये भाषांतर तो करतो. पण पिन १३ हाय करायची म्हणजे या चिपमध्ये नेमकं काय करायचं, हे कंपायलरला माहीत नसतं. ते माहीत असणारा कोड वेगळा लिहावा लागतो, आणि त्याच कोडच्या थराला हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयर म्हणतात. संक्षेप एचएएल. आपल्याकडे एचएएल म्हटलं की नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना आठवतो, म्हणून असेल किंवा बोलायला सोपं म्हणून असेल, फर्मवेअरवाले सरसकट ‘हॅल’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

आधी रजिस्टर समजून घेऊ

हॅल काय लपवतो हे कळल्याशिवाय तो का लागतो ते कळत नाही. म्हणून थोडं खाली उतरू.

मायक्रोकंट्रोलरला पिन वगैरे काही कळत नाही. त्याला फक्त मेमरीतले पत्ते कळतात. अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिही, तमुक पत्त्यावरचा आकडा वाच, एवढंच. चिप बनवणारे काय करतात, तर काही पत्ते रॅमला न जोडता थेट हार्डवेअरला जोडतात. अशा पत्त्यावरच्या जागेला रजिस्टर म्हणायचं. घरातल्या स्विचबोर्डाची कल्पना करा. एका पेटीत आठ बटणं, प्रत्येक बटणामागे एक वायर. उनोमध्ये ‘पोर्ट बी’ नावाची अशी पेटी आहे. बोर्डावर ज्याला १३ म्हणून छापलंय, ती पिन म्हणजे खरं तर पोर्ट बी मधलं पाचव्या क्रमांकाचं बटण, शून्यापासून मोजलं तर. या पोर्टाचं आउटपुट रजिस्टर हेक्समध्ये २५ या पत्त्यावर आहे आणि दिशा ठरवणारं रजिस्टर त्याच्या अलीकडे, २४ वर. दिशेच्या रजिस्टरचा पाचवा बिट १ केला की पिन आउटपुट होते, आउटपुट रजिस्टरचा पाचवा बिट १ केला की एलईडी लागतो. बस, एवढंच.

आता दुसरी चिप घेऊ. ‘ब्लू पिल’ नावाचा निळा, स्वस्त बोर्ड पाहिला असेल तुम्ही. त्यावर एसटी कंपनीची एसटीएम३२एफ१०३ आहे. बोर्डावरचा एलईडी पोर्ट सी च्या १३ नंबर पिनवर. इथे सरळ रजिस्टरला हात घातला तर काहीच होणार नाही, कारण वीज वाचवण्यासाठी या चिपमध्ये सुरुवातीला पोर्ट सी चा क्लॉकच बंद असतो. आधी क्लॉक सांभाळणाऱ्या विभागात जाऊन एका रजिस्टरचा चौथा बिट १ करायचा, तेव्हा पोर्ट सी जागा होतो. मग पिनची दिशा. इथे प्रत्येक पिनसाठी एक नाही, चार बिट. त्यात दिशा, वेग, पुश-पुल की ओपन-ड्रेन असं सगळं सांगायचं. मग एलईडी लावायचा. त्यासाठी पिन हाय नाही, लो करायची, कारण बोर्ड बनवताना एलईडी उलटा जोडलाय.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, कंपनी वेगळी म्हणून पद्धत वेगळी. तर मग त्याच एसटी कंपनीची एफ४ मालिका घ्या, ब्लू पिलचा थोरला भाऊ ‘ब्लॅक पिल’ ज्यावर आहे ती. एलईडी तिथेही पोर्ट सी च्या १३ वरच. पण क्लॉकचं रजिस्टर वेगळं, त्यातला बिट वेगळा, दिशेसाठी चारऐवजी दोन बिट आणि पोर्ट सी चा पत्ताही बदललेला. एफ१ मध्ये पोर्ट सी हेक्स ४००११००० पासून सुरू होतो. एफ४ मध्ये त्याच ४००११००० वर काय आहे माहितीये? यूएसएआरटी१, म्हणजे सिरीयल पोर्ट! एफ१ साठी पत्ते लिहून केलेला कोड एफ४ वर नेलात, तर तुम्ही एलईडी समजून सिरीयल पोर्टाच्या रजिस्टरांवर आकडे लिहीत बसाल. कंपायलर अवाक्षर काढणार नाही. त्याच्या दृष्टीने पत्ता तो पत्ता.

एसटीच्या हॅलमध्ये याच कामासाठी एक फंक्शन आहे, ‘हॅल जीपीआयओ राइटपिन’. पोर्ट सांगा, पिन सांगा, हाय की लो सांगा. एफ१, एफ४, एफ७, सगळीकडे तीच ओळ.

डिजिटलराइटच्या पोटात

अर्डुइनोचं डिजिटलराइट हा जगातला बहुधा सगळ्यात जास्त लोकांनी नकळत वापरलेला हॅल असावा, असं माझं मत. त्याची मुळं अर्डुइनोच्याही आधीची आहेत. इटलीतल्या इव्रेया गावच्या इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये ‘वायरिंग’ नावाचा प्रकल्प केला. पिनमोड, डिजिटलराइट ही नावं तिथली. २००५ मध्ये त्याच संस्थेत अर्डुइनो सुरू झालं आणि ही नावं जगभर गेली.

उनोवर डिजिटलराइट(१३, हाय) लिहिलं की आत काय काय घडतं पाहा. आधी फ्लॅशमध्ये ठेवलेल्या तीन तक्त्यांत शोधाशोध होते. पिन १३ कुठल्या पोर्टाची, त्यातला कितवा बिट, आणि तिला कुठला टायमर जोडलाय का. अशी पिन अस्तित्वातच नसेल तर फंक्शन गुपचूप परत फिरतं. पिनवर टायमरने पीडब्ल्यूएम चालू असेल तर ते बंद केलं जातं, नाहीतर तुमचं हाय आणि टायमरचं हाय-लो यांची मारामारी होईल. मग इंटरप्ट थोडा वेळ थांबवले जातात, बिट बदलला जातो, आणि इंटरप्टची स्थिती होती तशी परत केली जाते.

इंटरप्ट थांबवायचं कारण महत्त्वाचं आहे. इथे बिट बदलणं म्हणजे आठ बटणांची आत्ताची स्थिती वाचणं, त्यातलं एक बदलणं आणि आठही परत लिहिणं. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणी इंटरप्ट आला आणि त्याने त्याच पोर्टाची दुसरी पिन बदलली, तर आपण जुनी स्थिती परत लिहून त्याचं काम पुसून टाकू. असा बग महिन्यातून एकदा दिसतो आणि शोधायला पंधरा दिवस खातो. एसटीएम३२ मध्ये यासाठी हार्डवेअरमध्येच सोय आहे. बीएसआरआर नावाच्या रजिस्टरमध्ये ज्या बिटवर १ लिहाल तेवढीच पिन बदलते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. म्हणून तिथे इंटरप्ट थांबवायची गरजच नाही. म्हणजे बघा, फंक्शनचं वचन एकच, ‘ही पिन सुरक्षितपणे हाय करतो’, पण ते पाळायची रीत चिपगणिक वेगळी. मला हॅलची सगळ्यात उपयोगी व्याख्या हीच वाटते.

याची किंमत? उनोवर थेट पोर्टाचा एक बिट १ करायला चिपची एकच सूचना लागते, २ क्लॉक सायकल, म्हणजे १२५ नॅनोसेकंद. डिजिटलराइटला काही मायक्रोसेकंद लागतात. एलईडी ब्लिंक करताना कुणाला फरक पडतो? पण गणपतीच्या आरासीत ज्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावतात, त्यातल्या डब्ल्यूएस२८१२ एलईडीला एक बिट पाठवायला अख्खे १.२५ मायक्रोसेकंदच मिळतात. डिजिटलराइटची एक हाक पूर्ण व्हायच्या आत दोन-तीन बिटांची वेळ निघून गेलेली असते. म्हणून उनोवर या पट्ट्या चालवणाऱ्या लायब्ररी हॅलला बाजूला सारून थेट पोर्टावर लिहितात, तेही असेंब्लीत.

आणि हॅलला बगल दिली की पुढे कधीतरी बिल येतं. २०२३ मध्ये अर्डुइनो उनो आर४ आला. आकार तोच, पिनांची जागा तीच, पण आत रेनेसासची ३२ बिटची एआरएम चिप. डिजिटलराइट वापरणारे जुने प्रोग्राम तिथे चालले. पोर्ट बी चं नाव घेऊन थेट लिहिणारा कोड मात्र कंपाइलच होईना. त्या चिपमध्ये एव्हीआरसारखा पोर्ट बी नाहीच ना!

थरावर थर

प्रत्यक्षात हॅल हा एकच थर क्वचित असतो. एसटीएम३२ चंच घ्या. सगळ्यात खाली सीएमएसआयएस, एआरएमने २००८ मध्ये आणलेलं. चिपमधल्या पत्त्यांना नावं द्यायची आणि कोअरच्या समान गोष्टी समान रीतीने हाताळायच्या, हे त्याचं काम. त्यावर ‘एलएल’ म्हणजे लो-लेयर, रजिस्टरवरचं पातळसं कापड. त्याच्या जोडीला जाडजूड हॅल. त्यावर बोर्ड सपोर्ट पॅकेज, ज्याला चिप नाही तर बोर्ड कळतो. ‘पोर्ट सी ची १३’ ऐवजी ‘बोर्डावरचा पहिला एलईडी’ ही भाषा तिथली. ईएसपी३२ वर तुम्ही अर्डुइनोतून डिजिटलराइट लिहिता तेव्हा ते खाली एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी-आयडीएफला हाक मारतं, आणि आयडीएफच्या आत पुन्हा ड्रायव्हर, हॅल आणि एलएल असे थर आहेत.

तुमच्या हातातल्या फोनमध्येही हॅल आहे, फक्त खूप मोठा. अँड्रॉइडच्या कॅमेरा अ‍ॅपला सेन्सर कुणाचा आहे ते माहीत नसतं. ते फ्रेमवर्कला सांगतं, फ्रेमवर्क कॅमेरा हॅलला सांगतो, आणि तो हॅल फोन किंवा चिप बनवणाऱ्याने लिहिलेला असतो. पूर्वी गूगलचा भाग आणि चिपवाल्यांचा भाग एकमेकांत इतके गुंतलेले असायचे की नवीन अँड्रॉइड आलं की दोन्ही परत जुळवावे लागायचे, आणि अपडेट रखडण्याचं हे एक मोठं कारण होतं. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आलं. त्यात या दोघांमधली हद्द पक्की आखून दिली. फोनचा विषय इथेच थांबवते, कारण मायक्रोकंट्रोलरची गंमत वेगळी आहे. इथे बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टमही नसते, आणि हद्द कुठे आखायची ते तुम्हीच ठरवता.

हद्द कुठे आखायची? विहिरीवरच्या स्टार्टरचं उदाहरण

गावाकडे विहिरीवर सिमकार्ड घातलेला मोटर स्टार्टर पाहिलाय का? शेतीची थ्री-फेज लाइट रात्री-अपरात्री येते. मग शेतकरी घरूनच मिस्ड कॉल किंवा मेसेज देऊन मोटर चालू करतो. त्या पेटीत एक मायक्रोकंट्रोलर असतो, एक मोबाइल मॉडेम असतो आणि मोटरचा कॉन्टॅक्टर चालवणारा रिले. पण खरं काम मोटर चालू करणं नाही, ती वाचवणं आहे. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटर दोनच फेजवर ओढत राहिली तर वाइंडिंग जळतं. विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली तरी पंपाचं नुकसान. मोटर रिवाइंडिंगला टाकायचा खर्च आणि ऐन उन्हाळ्यात चार-पाच दिवस पाण्याविना पीक, हे त्या छोट्या फर्मवेअरच्या डोक्यावरचं ओझं आहे.

अशा फर्मवेअरमध्ये कच्चा प्रोग्रामर काय करेल? मोटर वाचवायच्या नियमांच्या मधोमध ‘पिन २७ लो कर’, ‘एडीसी चॅनल ६ वाच’, ‘आकडा ४१० पेक्षा कमी असेल तर’ असं लिहील. आज चालेल. उद्या चिप बदलली, करंट मोजायचा सेन्सर बदलला किंवा रिले मॉड्यूल बदललं की हा सगळा कोड उकलावा लागेल. आणि मोटर वाचवायचा नियम नेमका कुठे आहे, हे त्या गर्दीत शोधावं लागेल.

माझ्या मते इथे हद्द अशी आखावी. वरच्या कोडला फक्त चार-पाच गोष्टी विचारता-सांगता याव्यात: तिन्ही फेज आहेत का, मोटर किती अँपिअर घेतेय, कॉन्टॅक्टर लाव, कॉन्टॅक्टर सोड, सुरू झाल्यापासून किती मिलीसेकंद झाले. यात पिन नाही, एडीसी नाही, हाय-लो नाही. बाजारातली बरीच रिले मॉड्यूल पिन लो केल्यावर लागतात. ही उलटापालट खालच्या थरात एकाच ओळीत राहावी. वर ‘सोड’ म्हणजे सोड. आकडे अँपिअरमध्येच वर यावेत, एडीसीच्या कच्च्या आकड्यात नकोत, कारण उनोचा एडीसी १० बिटचा म्हणजे ० ते १०२३ देतो आणि ईएसपी३२ चा १२ बिटचा म्हणजे ० ते ४०९५. ‘४१०’ या आकड्याला दोन्हीकडे वेगळा अर्थ.

मग प्रत्येक बोर्डासाठी या पाच फंक्शनांची एकेक वेगळी सी फाइल. हेडर एक, फाइली अनेक, बिल्ड करताना जो बोर्ड असेल त्याची फाइल घ्यायची. फंक्शन पॉइंटरचे तक्ते वगैरे करायची इथे गरज नाही. एका पेटीत एकच बोर्ड असतो, तो चालता चालता बदलत नाही.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट. त्यातली एक फाइल तुमच्या लॅपटॉपसाठी लिहा. तिथे ‘किती अँपिअर’ याचं उत्तर एका व्हेरिएबलमधून येतं, ‘किती मिलीसेकंद’ हेही व्हेरिएबल. समजा मोटर चालू झाली, तीन मिनिटांनी पाणी संपलं आणि करंट एकदम खाली आला. पाणी नसलं की मोटरवरचा भार कमी होतो, म्हणून करंट कमी होतो, वाढत नाही. ठरवलेल्या सेकंदांत कॉन्टॅक्टर सुटला का? फेज अर्धा सेकंद गेला आणि आला, तर काय झालं? आठ तासांची रात्र लॅपटॉपवर क्षणात संपते आणि एकही मोटर जळत नाही. ३२ बिटचा मिलीसेकंद काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. खऱ्या बोर्डावर ते तपासायला दीड महिन्याच्या वर बसावं लागेल. लॅपटॉपवर घड्याळ सुरूच करायचं शेवटच्या दहा सेकंदांपासून.

मॉडेमलाही अशीच हद्द हवी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे फक्त २जी मॉडेम असलेल्या पेटीत जिओचं सिम चालत नाही. ४जी मॉडेम घालायची वेळ आली तेव्हा ज्यांच्या कोडमध्ये ‘मेसेज आला का’ आणि ‘मेसेज पाठव’ एवढीच हाक होती, त्यांनी एक फाइल बदलली. बाकीच्यांचं विचारू नका.

एक गोष्ट मात्र कुठलाही हॅल करू शकत नाही. चिप रीसेट झाली की तुमच्या कोडची पहिली ओळ चालेपर्यंत पिना साधारणपणे इनपुट म्हणून अधांतरी असतात. त्या क्षणी रिलेने काय करावं हे सॉफ्टवेअर नाही, बोर्डावरचा पुल-अप किंवा पुल-डाउन रेझिस्टर ठरवतो. तो नसेल तर वरचे सगळे थर सोन्याचे असले तरी व्यर्थ.

गळके हॅल

हॅल सगळं लपवतो असं समजून बसलात तर फसाल. काही गोष्टी हमखास झिरपतात.

उनोवर एक मिनिट थांबायला डिले(६० * १०००) लिहून पाहा. उनोवर इंट १६ बिटचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं. गुणाकार ६०००० व्हायच्या ऐवजी उणे ५५३६ होतो. डिले ऋण संख्या घेत नाही, त्यामुळे तो आकडा ४२९४९६१७६० मिलीसेकंद होऊन जातो, म्हणजे जवळजवळ ५० दिवस! तीच ओळ ईएसपी३२ वर बरोब्बर एक मिनिट थांबते, कारण तिथे इंट ३२ बिटचा. डिलेचा हॅल दोन्हीकडे चोख आहे. झिरपलं ते भाषेतून.

उनोवर सर्वो लायब्ररी घेतली की पिन ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम बंद पडतं. दोघांनाही टायमर १ च लागतो आणि चिपमध्ये तो एकच आहे. फंक्शनं वेगळी दिसली तरी खालचं हार्डवेअर सामाईक असू शकतं. ईएसपी३२ वर याचाच भाऊबंद आहे. वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीवरच्या पिना, म्हणजे जीपीआयओ २५, २६, २७ वगैरे, अ‍ॅनालॉग वाचायला भरवशाच्या नाहीत, कारण तो एडीसी वायफायलाही लागतो. सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांवर जोडा आणि निवांत राहा.

एसटीच्या हॅलमधलं डिले फंक्शन सिस्टिक नावाच्या इंटरप्टने वाढणारा काउंटर बघत बसतं. ते तुम्ही दुसऱ्या इंटरप्टच्या आतून वापरलंत, आणि त्या इंटरप्टचा अग्रक्रम सिस्टिकएवढा किंवा त्याहून वरचा असेल, तर काउंटर वाढतच नाही आणि चिप तिथेच कायमची अडकते. फंक्शनच्या नावात यातलं काही दिसत नाही.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण, पिको डब्ल्यू. साध्या पिकोवर एलईडी जीपीआयओ २५ वर आहे. २०२२ मध्ये वायफाय असलेला पिको डब्ल्यू आला. दिसायला तसाच, मुख्य चिप तीच. पण त्यावर जीपीआयओ २५ वायफायच्या चिपशी बोलायच्या कामाला लावलाय आणि एलईडी गेलाय त्या वायफाय चिपच्या पिनवर. साध्या पिकोचा ब्लिंक इथे टाकला तर एलईडी ढिम्म. आधी अख्खी वायरलेस चिप सुरू करायची, मग तिला विनंती करायची की बाई, तुझी ती पिन हाय कर. ‘जीपीआयओ २५’ म्हणणारा कोड चिपची भाषा बोलत होता, ‘बोर्डावरचा एलईडी’ म्हणणारा कोड हव्या त्या गोष्टीची. हद्द एक पायरी वर आखली की काय फरक पडतो ते इथे लख्ख दिसतं.

झेफर या ऑपरेटिंग सिस्टमने हा प्रश्न चांगला सोडवलाय. २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली असलेला हा प्रकल्प. त्यात प्रत्येक बोर्डाची ‘डिव्हाइसट्री’ नावाची वर्णनाची फाइल असते. पहिला एलईडी कुठल्या पोर्टाच्या कुठल्या पिनवर, तो सरळ जोडलाय की उलटा, हे तिथे लिहिलेलं असतं. प्रोग्राम फक्त ‘पहिला एलईडी लाव’ म्हणतो. रस्ट भाषेत काम करणाऱ्यांकडे एम्बेडेड-हॅल आहे, त्याची १.० आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. तिथे सेन्सरचा ड्रायव्हर एकदा लिहायचा आणि चिप कुठलीही असो, तो चालतो.

मग हॅल वापरायचा की नाही?

इंटरनेटवर यावर कायम भांडणं चालू असतात. एक गट म्हणतो, हॅल म्हणजे सूज, खरा प्रोग्रामर रजिस्टर लिहितो. दुसरा म्हणतो, रजिस्टर लिहिणं म्हणजे वेळ घालवणं. मला पहिल्या गटाचा अभिमान कळतो, पण २०२१ आठवा. चिपच्या टंचाईत एसटीएम३२ महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या, मिळाल्या तर अवाच्या सवा भावाने. टेस्लाने त्या वर्षीच्या जुलैत भागधारकांना कळवलं होतं की टंचाईमुळे त्यांचे इंजिनिअर कंट्रोलरचे १९ नवे प्रकार तयार करून तपासतायत. एवढी फौज सगळ्यांकडे नसते. छोट्या कंपनीत दोन जण फर्मवेअर लिहितात. त्यांच्या कोडमध्ये हद्द आखलेली असली तर चिप बदलणं हे काही आठवड्यांचं काम असतं, नसली तर नवीन प्रॉडक्ट लिहिण्याइतकं.

पण याचा अर्थ चिप कंपनीचा हॅल म्हणजे तुमचा हॅल, असाही नाही. हा घोटाळा फार जण करतात. एसटीचा हॅल तुम्हाला एसटीच्या एका मालिकेतून दुसरीत नेईल, दुसऱ्या कंपनीकडे नेणार नाही. तो त्यांच्या फायद्यासाठी बनवलाय आणि त्यात वावगं काही नाही. अगदी सगळ्या कंपन्यांसाठी असलेला थरही कायमचा नसतो. एआरएमच्या एम्बेड ओएसवर किती कॉलेजांनी आणि कंपन्यांनी प्रकल्प उभे केले! जुलै २०२४ मध्ये एआरएमने जाहीर केलं की जुलै २०२६ नंतर ते बंद. म्हणून त्यांच्या हॅलच्या वर आपला, आपल्या कामाच्या भाषेतला, चार-पाच फंक्शनांचा पातळ थर असावा. आतमध्ये खुशाल त्यांचा हॅल वापरा, किंवा वेग हवा तिथे रजिस्टर. वरच्याला त्याचा पत्ता लागू देऊ नका.

उलट टोकही वाईटच. ‘उद्या कदाचित लागेल’ म्हणून न घेतलेल्या दहा चिपसाठी सोय करून ठेवणारे हॅल असतात. साधा एलईडी लावायला सहा फंक्शनांतून जावं लागतं आणि डीबग करताना तुम्ही गोल गोल फिरता. दुसरा बोर्ड खरंच हातात नसेल, तर लॅपटॉप हाच दुसरा बोर्ड धरून हद्द आखा. दोन्हीकडे चालणारी हद्द साधारणपणे तिसरीकडेही चालते.

स्वतः बघायचं असेल तर आज रात्री एवढं करा. अर्डुइनो आयडीई लॅपटॉपवर असेल तर त्याने उतरवून घेतलेल्या एव्हीआर कोअरच्या फोल्डरमध्ये ‘वायरिंग डिजिटल’ नावाची सी फाइल शोधा. डिजिटलराइट त्यातच आहे, एका स्क्रीनवर मावेल एवढं. वर सांगितलेले तीन तक्ते, टायमरची तपासणी आणि इंटरप्ट थांबवणं, सगळं ओळीने सापडेल. मग ईएसपी३२ च्या कोअरमधलं त्याच नावाचं फंक्शन उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.